अठरा अंगरखे आणि सूचना क्रमांक नऊ

तीर्थस्वरूप थोरले साडूभाऊ यांना धाकट्या साडूचा नमस्कार (गुडघा सुजल्यामुळे सध्या बसल्या जागेवरूनच, गोड मानून घ्यावा).

तुमच्या पाठीचा पट्टा निघाला का? ताई मजेत असतीलच. परीक्षा खात्यातल्या तुमच्या नोकरीची अठ्ठावीस वर्षं ज्यांनी हसतमुखाने काढली, त्यांच्या प्रकृतीची चौकशी काय करायची! इकडे सर्व ठीक. सासूबाई (म्हणजे आपल्या दोघांत मिळून एकुलत्या एक) गेले दोन महिने आमच्याकडेच असल्याने त्यांची तब्येत उत्तम आणि माझी बेताची आहे.

सफारीच्या तयारीचा अहवाल तुम्ही लेखी मागवला होता, तो देतो. तुमच्या अकरा पानी सूचना मिळाल्या. ‘सर्व सूचना अनिवार्य आहेत’ हे वाक्य तुम्ही लाल शाईने दोनदा अधोरेखित केलंय, तेही पाहिलं. आफ्रिकेतल्या सिंहांनाही तुम्ही एक प्रत पाठवली असावी असं सासूबाईंचं मत आहे (माझं नाही). पिवळ्या तापाची लस आम्ही तिघांनीही टोचून घेतली. सासूबाईंनी डॉक्टरांना आधी स्वतःला टोचून दाखवायला सांगितलं. माणूस भला, त्याने बाही वर करून आपल्या दंडावरचा जुना व्रण दाखवला, तेव्हा कुठे त्यांनी हात पुढे केला. हिवतापाच्या गोळ्या आणल्या. बॅगा चाकांच्या नकोत, मऊ हव्यात आणि पंधरा किलोंच्या आत हव्यात, त्याप्रमाणे घेतल्या. वजनाच्या बाबतीत मात्र थोडी अडचण आहे. आमच्याकडे माणसाचा वजनकाटा आहे, म्हणजे बॅग हातात धरून उभं राहायचं आणि मग आपलं वजन वजा करायचं. तो वजा करायचा आकडा ही मला सांगायला तयार नाही. त्यामुळे हिच्या बॅगेचं खरं वजन जगात फक्त हिलाच ठाऊक आहे. ‘बसतंय,’ एवढंच ती म्हणते. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पुढे विचारायची माझी छाती नाही.

आता सूचना क्रमांक नऊ. ‘कपडे मातकट रंगाचे असावेत. निळा व काळा रंग टाळावा, कारण त्यावर चावरी माशी येते. पांढरा टाळावा, कारण धूळ बसते. भडक टाळावा, कारण प्राणी बिचकतात. लष्करी ठिपक्यांचे कपडे आणू नयेत, कारण पोलीस बिचकतात.’ ही सूचना वाचून मला हसू आलं. इतर माणसं दुकानोदुकानी खाकी विजारी शोधत फिरतील, पण मी जातीचा रंगारी! माझ्या दुकानात पाच हौद आहेत, त्यातला एक नुकताच घासून ठेवलेला. मी ठरवलं की घरातले सगळे जुने कपडे एका दमात मातकट करून टाकायचे. हिने कपाट रिकामं केलं, एका पांढऱ्या चादरीत बोचकं बांधलं आणि बुधवारी सकाळी मी ते हौदाशेजारी नेऊन ठेवलं. मग पिवळा, तपकिरी आणि चिमूटभर हिरवा असा रंग जमवला. (साडूभाऊ, असा रंग माझ्या हातून पूर्वी कधी झाला नव्हता. उन्हात वाळलेल्या गवताजवळ धरला असता तर गवत कोणतं ते मला सांगता आलं नसतं.) पाणी उकळायला लागलं, मीठ टाकलं आणि हौदाखाली जाळायच्या लाकडाचं माप घ्यायला वखारीत गेलो.

इथे तुमची सूचना क्रमांक बारा आडवी आली. ‘गाडीत सलग तीन तास न बोलता, न हलता बसण्याचा सराव घरीच करावा.’ सासूबाईंनी हा सराव नेमका त्याच सकाळी माझ्या दुकानाच्या दारात करायचं ठरवलं. गळ्यात तुम्हीच पाठवलेली दुर्बीण. स्टूल टणक, म्हणून त्यांनी हौदाशेजारचं बोचकं ओढलं आणि त्यावर बैठक मारली. त्या खरोखर तीन तास गप्प बसल्या. ही तारीख कुठेतरी टिपून ठेवा. समोरचा शिंपी सकाळभरात किती वेळा मापाच्या टेपने स्वतःचं पोट मोजतो (सहा), आणि न्हाव्याकडे टक्कल असलेला गृहस्थ रोज का येतो (वर्तमानपत्र फुकट) हे सगळं त्यांनी त्या दुर्बिणीतून पाहिलं. फक्त पाठीमागे काय चाललंय ते पाहिलं नाही.

पाठीमागे असं चाललं होतं की मी वखारीतून आलो, हौदाशेजारी पांढऱ्या चादरीतलं बोचकं दिसलं, गाठ सोडली आणि सगळं उकळत्या रंगात लोटलं. काठीने तासभर ढवळलं. पहिला कपडा वर काढला तर तो संपेचना. खांद्यापासून जमिनीपर्यंत पायघोळ! आपल्या घरात इतकं उंच कोणीच नाही. दुसरा काढला, तोही तसाच. तेव्हा मला आठवलं की आमच्या गावच्या गायनमंडळाने आपले अठरा पांढरेशुभ्र अंगरखे तशाच पांढऱ्या चादरीत बांधून हौदाशेजारीच इस्त्रीला टाकले होते, त्यांचा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला होता, आणि मंडळाच्या प्रमुख गायनबाई ते न्यायला त्याच दुपारी चार वाजता येणार होत्या.

एक अंगरखा मी ब्लीचमध्ये घालून पाहिला. तो पांढरा झाला नाही. महिनाभर अंथरुणाला खिळलेल्या लिंबासारखा झाला. म्हणून बाकीच्या सतरांना हात लावला नाही. गायनबाई आल्या. तुम्हाला त्या माहीत नाहीत. पाच फूट उंची, पण नुसतं ‘अहो’ म्हटलं तरी इस्त्रीची वायर हलते. मी सगळं खरं सांगितलं. त्यांनी एक ओला अंगरखा उचलून उजेडात धरला. मग हळूच म्हणाल्या, “बावीस वर्षं आम्ही पांढऱ्यात गातोय हो.” जेवून पुन्हा त्याच बोचक्यावर येऊन बसलेल्या सासूबाई उठल्या आणि त्यांनी बाईंना पाणी दिलं. दुसरे अंगरखे शिवायला वेळ नव्हता. तेच घालायचे ठरले.

प्रायश्चित्त म्हणून मी कार्यक्रमाला पहिल्या रांगेत जाऊन बसलो. हिला आणि सासूबाईंनाही नेलं. पडदा सरकला आणि सभागृहात कुणीतरी किंचाळलं. साडूभाऊ, रंगमंचाच्या मागचा पडदा मातकट होता. अगदी तोच रंग! मागच्या पडद्यासमोर सतरा मुंडकी आणि चौतीस पंजे अधांतरी तरंगत होते, आणि त्यांच्या मधोमध एक संपूर्ण माणूस, फिकट पिवळा, नखशिखांत उभा. तो लिंबू अंगरखा फक्त एकाच्याच मापाचा होता, टपाल कचेरीतल्या उंच गृहस्थाच्या. त्या गृहस्थाला सूर नाही, म्हणून गायनबाई त्याला गेली नऊ वर्षं मागच्या ओळीत नुसतं तोंड हलवायला उभं करतात (हे मला शिंप्याने सांगितलं). पण त्या संध्याकाळी लोकांना दिसत होता तो एकटाच. चारशे माणसं आपल्याकडेच बघताहेत हे त्याच्या लक्षात आलं, त्याचा ऊर भरून आला, आणि तो गायला लागला. म्हणजे खरंच गायला लागला.

त्यापुढचं वर्णन मी करत नाही. सासूबाईंनी दुर्बीण उलटी धरली, म्हणजे तो लांब दिसेल. पण लोकांना तो फार आवडला! त्यांना वाटलं, हीच नवीन रचना आहे: मध्ये मुख्य गायक आणि भोवती अदृश्य साथ. टाळ्या थांबेनात. दोनदा पुन्हा गायला लावलं. शेवटी लोक मंचावर चढले आणि त्याच्या गळ्यात पडले. जाता जाता एकाने मागच्या पडद्याला धक्का मारला, तो पडदा नव्हता, दुसऱ्या ओळीतले दोन गायक होते.

मी माफी मागायला आत गेलो. गायनबाई आरशापुढच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्या रागावतील, ओरडतील, अशी मी तयारी केली होती, पण त्या रडत होत्या. म्हणाल्या, “आज मी सगळ्यात चांगलं गायले. शप्पथ सांगते. आणि मी तिथे आहे हेच कुणाला दिसलं नाही.” मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी बाजूच्या स्टुलावर बसलो आणि त्यांची समजूत घालायला जे सुचलं ते बोललो. काय बोललो ते तितकंसं महत्त्वाचं नाही. त्यांनी डोळे पुसले, हसल्या, आणि आम्हाला दारापर्यंत पोचवायला आल्या. येताना पायरी अंधारात मला दिसली नाही, त्यामुळे गुडघ्याचं ते झालं. एकूण प्रकरण गोडीत मिटलं असं समजावं.

आपले घरचे कपडे काल रंगवले. छान झालेत. सूचना क्रमांक दहा ते अठ्ठेचाळीस यांची अंमलबजावणी चालू आहे. ताईंना नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक,
धाकटा साडू

ता. क. गायनबाईंना मी जे म्हणालो ते असं: “बाई, तुम्ही आमच्याबरोबर सफारीला चला. तिथे सगळेच मातकट घालतात, आणि तुमचा आवाज डोंगरापलीकडे जाईल.” मी आपलं बोलायचं म्हणून बोललो होतो. त्या म्हणाल्या, “निघायचं कधी?”

ता. क. २. गाडीत जागा पाचच, म्हणजे तुम्हा दोघांना धरून आपल्यापुरत्याच आहेत हे तुम्हीच पान चारवर आकृती काढून दाखवलंय. हिची आणि ताईंची जागा मी मागू शकत नाही, सासूबाईंची मागून जिवंत राहू शकत नाही, आणि बोललो मी असल्याने मी गेलो नाही तर बरं दिसणार नाही. प्रवास कंपनी नाव बदलून देते, मात्र मूळ प्रवाशाची सही शुक्रवारपर्यंत हवी. सोबत फॉर्म जोडला आहे. सही कुठे करायची ते पेन्सिलीने दाखवलं आहे. तुमची पाठही दुखते आहे, हेही लक्षात घ्यावं.

ता. क. ३. हे सगळं आम्ही आधी फोनवर ताईंच्या कानावर घातलं. त्या बराच वेळ हसत होत्या. मग म्हणाल्या, फॉर्मच्या दोन प्रती पाठवा, पहिली ते फाडतील. म्हणून दोन आहेत.