आमच्या कॅचरचे गुडघे

जर्सी सिटी, रविवार, ११ डिसेंबर २००५

आमच्या लाडक्या बेसबॉल टीमनं कॅचरला सोडलं. इतकी वर्षं बॅटरच्या मागे उकिडवा बसला, आणि आता म्हणे त्याचे गुडघे गेले. अरे, पण गेले कुणासाठी? त्याच्या जागी आणलाय एक धटिंगण. बॉल लांब मारतो, पण धड पकडता येत नाही. कॅचरला पकडता येत नाही! मित्राला फोन केला तर म्हणतो, "यार, बिझनेस आहे." डोकंच फिरलं माझं. पण मला एवढा राग का यावा? माझा कोण लागतो तो?

मग आईला पुण्याला फोन लावला. उन्हाळ्यात इथे होती तेव्हा माझ्याबरोबर मॅच बघायची. नियम एकही कळला नाही, नजर फक्त त्याच्यावर. "इतका वेळ उकिडवं बसवतं कसं रे याला?" असं स्वतःचे गुडघे चोळत विचारायची.

आज माझी सगळी आगपाखड तिनं ऐकून घेतली. मग म्हणाली, "बरं झालं काढलं ते. आता खुर्चीत बसेल बिचारा."

एप्रिलमध्ये नवा सीझन सुरू झाला की तो दुसऱ्या टीमकडून पुन्हा उकिडवाच बसणार आहे, हे तिला सांगणं माझ्याच्यानं झालं नाही.