अंबुबाईचा ताशा

६ ऑगस्ट, बुधवार

आजही सराव शिट्टीवर. ताशावर अंबुबाई नाही म्हणून सुगंधा दातात शिट्टी धरते, आणि आम्ही अकरा जणी पी.टी.चा तास असल्यासारख्या ढोल बडवतो. पुढे ताशा नसला की ढोलाला कळत नाही कुठे जायचं. नुसता गोंगाट.

पटांगणाच्या कठड्यावर बसलेलं एक टोळकं हसत होतं. ढोलाचं टिपरू रोखून म्हटलं, "हसणाऱ्यांनी पुढे या. कमरेला बांधून दहा मिनिटं उभे राहा, मग हसा." गेले उठून.

सुगंधा माढ्याची, मेसमध्ये पोळ्या करते. जीभ माझ्याच जातीची. म्हणाली, "मॅडम, ताशाच्या काड्या तुमच्या तोंडाला बांधल्या तर अंबुबाईची उणीव भरून निगंल की." सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही.

अं.बाईचा नवरा जाऊन आज पंचवीस दिवस. टॉवेलच्या कारखान्यात मागावर होता. उभ्या उभ्या कोसळला. दिवस-कार्य सगळं उरकलं, तरी ती घराबाहेर नाही. विचारलं की उत्तर एकच, "त्यांच्यात असंच असतं."

असंच असतं म्हणजे काय? पाच-सहा दिवस झोपच नाही या रागानं.

१० ऑगस्ट, रविवार

सराव वाईट. लिहिण्यासारखं नाही.

हे गेले तेव्हा मी रडले नव्हते. बँकेतल्या लोकांनी कौतुक केलं, मॅडम किती खंबीर. खंबीर कसली, आतून खडखडीत वाळले होते. नणंदेनं बळेच पथकात आणून सोडलं. चौथ्या की पाचव्या दिवशी, ठेका चुकत होता म्हणून चिडले होते, आणि एकदम गळ्यातून काहीतरी निघालं. हुंदका नव्हे, जनावरासारखा आवाज. चौदा महिन्यांचं सगळं. हात चालू होते, तोंड उघडं होतं.

अं.बाई समोर होती. तिची माझी ओळखही नव्हती. तिनं ताशा थांबवला नाही. उलट वाढवला. वाढवत नेला, बाकीच्यांनाही ओढलं, इतका की पलीकडच्या दुकानातली माणसं बाहेर आली. माझं रडणं माझ्याशिवाय कुणालाच ऐकू आलं नाही. मी शांत झाले तसा तिनं हात हळू केला. नंतर फक्त म्हणाली, "मॅडम, पाणी प्या की."

नऊ वर्षांची असल्यापासून विड्या वळते. बोटं अशी चालतात की दिसत नाहीत. एकदा म्हणाली होती, "घरात समदे मला उठ-बस सांगतात. हितं मी हात उचलला की अकरा बायका हलतात." आणि ओशाळून पदर तोंडाला लावला होता.

नवऱ्याच्या तेराव्याला भेटायला गेले तेव्हा कानाशी येऊन म्हणाली, "घर लई गप झालंय, मॅडम. मला आवाज पायजे हाय."

हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

आज सोक्षमोक्ष लावला.

सराव संपवून सहा जणींना घेऊन थेट तिच्या घरी. ताशा मी स्वतः गळ्यात अडकवून नेला. बाहेरच्या ओसरीत भावकी बसलेली. थोरला दीर, आणखी दोघं, आणि एक बारीकसा माणूस मांडीवर कापडी पिशवी घेऊन. अं.बाई आतल्या दारात, भिंतीला धरून.

म्हटलं, "आम्ही अंबुबाईंना न्यायला आलो आहोत." दीर म्हणाला, "आमच्यात पद्धत हाय, बाई." मग मी सोडलं नाही. कुठल्या काळात राहता, बाईमाणसाला घरात कोंडणं गुन्हा आहे, मी स्वतः पोलिसांत अर्ज देईन, नावानिशी देईन. त्या पिशवीवाल्याला विचारलं, "तुम्ही कोण?" म्हणाला, "भाऊ. दुधनीवरनं आलोय." म्हटलं, "सख्खा भाऊ? आणि बहिणीला कोंडलेली बघत पिशवी धरून बसलात? लाज नाही वाटत?"

भाऊ उठला, पिशवी काखेत मारली, निघून गेला.

अं.बाई काहीच बोलली नाही. बिचारी घाबरली असणार.

रस्त्यात सुगंधा मागे मागे चालत होती. विचारलं तर म्हणाली, "तुमी बोलताना तिच्या तोंडाकडं बघितलं का?" म्हटलं, मला समोरच्यांशी बोलायचं होतं.

चांगलं सुनावलं. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर असत्या तर खूष झाल्या असत्या. ताठ उभं राहून, डोळ्याला डोळा देऊन, एक शब्द न अडखळता. आज झोप लागेल.

१९ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी अं.बाईची सून आली, सरिता. विड्या कारखान्यात द्यायला निघाली होती, पाटी डोक्यावरून उतरवून दारातच उभी राहिली. आत ये म्हटलं तर येईना.

"मॅडम, तुमाला कुणी बोलावलं हुतं का?"

रागानं नाही. खरंच माहीत करून घ्यायचं असल्यासारखं.

मग सांगितलं. लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा कधी स्वतःला सवलत द्यावीशी वाटली तर वाचता येईल.

त्यांच्या घरात नवरा गेल्यावर बाई उंबरा ओलांडत नाही, ती माहेरचा भाऊ येईपर्यंत. भाऊ साडी घेऊन येतो. बहीण ती नेसते. भाऊ तिला हाताला धरून बाहेर नेतो, कुठेतरी चार माणसांत बसवतो, परत आणून सोडतो. मग ती मोकळी. कुठे न्यायचं ते भावानं ठरवायचं, सासरच्यांनी त्यात अवाक्षर काढायचं नाही. बहुतेक भाऊ देवळात नेतात.

अं.बाई दोन आठवडे रोज दुपारी भावाला फोन करत होती. मला देवळात नको, पटांगणात ने. ताशाजवळ बसव. तो आधी नाही म्हणाला. मग हसला. मग हो म्हणाला. एकदा भावानं तिथे नेलं की पुढे कुणाची तिला अडवायची छाती नव्हती. रविवारी तो वार ठरवायला आला होता. उद्याचा बुधवार ठरत होता, सरावाचा.

पिशवीत साडी होती.

संध्याकाळी थोरला दीर म्हणाला म्हणे, आता भावानं हिला पटांगणात नेलं तर गल्ली म्हणेल, बाईच्या पोलिसाला भ्याले. भावानं फोनवर तेच सांगितलं. "तिच्या धमकीवर माझ्या बहिणीला साडी नेसवू व्हय?"

सरिता पाटी डोक्यावर घेऊन गेली. चहा विचारायचंही सुचलं नाही.

२० ऑगस्ट, बुधवार

सरावाला गेले नाही. ताप आहे असं कळवलं. ताप नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

दुपारी सरिताच्या फोनवरून अं.बाई. आवाज खाली, कुणी ऐकू नये असा.

"जेवलात का मॅडम?"

मी माफी मागायला सुरुवात केली. म्हणजे मला वाटलं माफी मागतेय. मी तुझ्यासाठीच, मला सहन झालं नाही, मला काय माहीत. प्रत्येक वाक्यात मी.

ती ऐकत राहिली. मग, "तुमी खोटं न्हाई बोलला. समदं खरं बोलला. पण ते माझं काम हुतं की, मॅडम. माझं मी करत हुते."



पुढे म्हणाली, पितृपक्ष लागायच्या आत भाऊ आला तर आला. नाहीतर दिवाळी होईपर्यंत नाही. म्हणजे नवरात्र गेलं. नवरात्रात कॉलनीतल्या देवीपुढे पहिल्यांदाच आमच्या पथकाला बोलावणं आहे, दीड वर्ष तिनं त्यासाठी आम्हाला घासलं.

"ताशा कोण वाजवतंय?"

"कुणी नाही."

"सुगंधीला शिकवा. तिचा हात जड हाय, पण कान बरा हाय."

"तू येशील. मी बघते काहीतरी."

"तुमी नगा काही बघू, मॅडम." आणि लगेच, मला लागलं असेल म्हणून, "ढोल धरून पाय दुखायचा तुमचा, दुखतोय का अजून?"

फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात उभी राहिले. ओट्यावर हात आपटत होते हे उशिरा लक्षात आलं. तळवा लाल.

३० ऑगस्ट, शनिवार

दुधनीला जाऊन आले. तिनं नको म्हटलं होतं तरी. पण हे तिचं काम नव्हतं, माझं होतं. निदान असं स्वतःला सांगत एस.टी.त बसले.

मल्लेश शिवणकाम करतो. बाजाराच्या तोंडाला अरुंद दुकान, एक मशीन. मला बघून बायकोला कानडीत काही म्हणाला. तिनं स्टूल दिलं, पाणी दिलं. त्यानं मशीन थांबवलं नाही. मी बोलायला लागले की पाय जोरात.

शेवटी उठून मशीनच्या पुढ्यात उभी राहिले आणि म्हटलं, "माझं चुकलं. तुम्ही काय करायला आला होता ते मला माहीत नव्हतं, आणि विचारायची माझी रीत नव्हती. तुम्हाला चारचौघांत बोलले. माफ करा."

जन्मात असं बोलल्याचं आठवत नाही. 

मशीन थांबलं. माणूस वाईट नाही. डोळे बहिणीसारखेच.

"बाई, तुमी शिकलेल्या. मला बोललात त्याचं काय न्हाई, मी विसरीन. पण त्यांच्या ओसरीत बोललात. आमच्या आक्काच्या सासरी माझा मान तेवढाच हुता, भाऊ म्हणून. तो ग्येला."

"तुम्ही तिला न्या. मी कुणाला काही बोलणार नाही."

"तुमी बोलायची गरजच न्हाई की. तुमी तितं ढोल घेऊन उभ्या असणार. मी आक्काला घेऊन आलो, की बघणारा काय म्हनंल? बाईनं वढत आणलं."

त्याची बायको मध्येच म्हणाली, "साडी तशीच ठेवलीय अजून. घडी बी मोडली न्हाई." त्यानं तिच्याकडे बघितलं, ती आत वळली.

निघताना बायकोनं भाकरी-चटणी बांधून दिली. मी ती घेतली. घ्यायला नको होती, का घ्यायलाच हवी होती, काही कळत नाही मला आता अशा गोष्टींतलं. साठी ओलांडून चार वर्षं झाली. कॉन्व्हेंट, बँक, एवढी माणसं हाताखालून गेली, आणि...

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून खाल्ली. रडत खाल्ली. शेजारची बाई सरकून बसली.

१ सप्टेंबर, सोमवार

पथक सोडलं.

सगळ्यांना पटांगणात बोलावून सांगितलं. कारणही सांगितलं, काही न लपवता. मी नसले तर मल्लेशला तिला आणता येईल. कदाचित. तो तसं म्हणाला नाही, त्याच्या बोलण्यातून मला कळलं ते हे. सरिता त्याला कळवेल.

सुगंधा भडकली. "म्हंजी एकीला आणायला एकीला घालवायची? ही कुठली रीत?" म्हटलं, माझी रीत बघितलीस ना, तिनं काय झालं?

मग ती जवळ आली. "आन् तुमचं काय मॅडम? तुमी आला तवा कशा हुता आठवतंय का? भिताड हुता नुसतं. परत तसंच व्हायचंय व्हय?"

ढोलाचे दोर सैल करून पट्टा सोडला. दोन वर्षांत या पट्ट्यानं कमरेवर काळा डाग पडलाय, तो काही सोडता येत नाही.

एकच अट घातली. मला कुणी फोन करायचा नाही. अं.बाई आली तरी नाही, न आली तरी नाही. मी चौकशी करते हे त्या ओसरीवर कळलं, की सगळं मुसळ केरात. सुगंधाला देवीची शपथ घ्यायला लावली. घेतली, पण शिव्या देत.

२ सप्टेंबर, मंगळवार

नणंदेचा फोन. जेवले का, गोळ्या घेतल्या का. हो हो म्हटलं.

शेजारी गणपतीची आरती. गेले नाही.

३ सप्टेंबर, बुधवार

मल्लेश तिला आणणार असेल तर पितृपक्षाआधीचा एकच सराव उरला होता, आजचा. रविवारी पौर्णिमा, त्या दिवशी कुणी नेत नाही.

दुपारपासून काही ना काही करत बसले. चार वाजता कपाट आवरलं. पाच वाजता पुन्हा तेच आवरलं.

साडेपाचला ढोल सुरू झाले.

दोन वर्षांत घरी बसून सराव कधी ऐकलाच नव्हता, मी त्यातच असायची. मध्ये हमरस्ता आहे, ट्रक आहेत. ढोल जमिनीतून येतो, भिंतीला हात लावला तर हाताला कळतो. ताशा असला तरी इथवर पोचत नाही. खिडक्या उघडल्या. गच्चीवर गेले. पाण्याच्या टाकीमागे कान देऊन उभी राहिले. फक्त ढोल.

ऐकत राहिले. शिट्टी असली की सुगंधा दुसऱ्या फेरीला हमखास घाई करते, सगळ्यांना घेऊन पळते. आज पळाली नाही. तिसऱ्या फेरीलाही नाही. म्हणजे पुढे कुणीतरी धरून ठेवणारं आहे.

किंवा सुगंधा स्वतःच ताशावर असेल. तिचा कान बरा आहे असं अं.बाई म्हणाली होती.

किंवा मी नाही म्हणून सगळं जमतंय. तेही असेल.

खाली आले. चपला घातल्या. जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत गेले. कठड्याला धरून उभी राहिले. वरच्या मजल्यावरच्या बाई दूध घेऊन येत होत्या. "निघालात का सरावाला?" म्हणाल्या.

नाही म्हटलं. परत वर आले.

पावणेसात. अजून वाजवताहेत.