क्रमांक चौदाचं शून्य

३० जून, सोमवार
मोबाइलवरचा फॉर्म झाला एकदाचा! बीपीच्या गोळ्यांच्या अभ्यासापायी डोकं पिकलं होतं. आता प्रत्येक मोजमापाला वेगळी ओळ, ओळी हव्या तितक्या वाढवा. ‘सम’ सगळ्यांची बेरीज करतो, ‘काउंट’ ओळी मोजतो, भागाकार आपोआप. चार भेटी झाल्या की बीपीच्या वरच्या आकड्याची सरासरी. दीडशेच्या वर गेली की लाल ओळ : डॉक्टरांना दाखवा. नाहीतर हिरवी : ठीक. तेर गावच्या कमलताई घरोघर जाऊन मोजतात, त्यांना वहीत भागाकार मांडायला नको आता. अभ्यास चालवणारे आमचे डॉ. ‘छान’ म्हणाले. त्यांचं छान म्हणजे हारतुरेच.

१४ जुलै, सोमवार
क.ताईंचा फोन. "मॅडम, चौदा नंबरच्या मावशीला तुमचा फॉर्म ठीक म्हणतोय. माझं मन न्हाय म्हणतंय. लई दमते हो ती."
क्र. १४ म्हणजे बाई, वय ५८, शाळेत खिचडी शिजवते. नाव मला माहीत नाही, तसा नियमच आहे. उघडून पाहिलं. सरासरी १३२, हिरवी ओळ. म्हटलं, ताई, बेरीज यंत्र करतं, चुकत नाही. फोन ठेवला. जूनअखेरचा अहवाल डोक्यावर होता. (हे कारण झालं का?)

१७ जुलै, गुरुवार
क.ताई तेरहून सकाळच्या गाडीनं थेट ऑफिसात. पिशवीतून स्वतःची वही काढून टेबलावर ठेवली. फोनवर परत सांगायचा धीर होईना म्हणाल्या. याला कारण मीच.
वहीत : १७६, १८०, –, १७२.
फॉर्ममध्ये : १७६, १८०, ०, १७२.
"ताई, हे शून्य?"
"त्या दिवशी शुक्रवार हुता. मावशीचा उपास. उपाशीपोटी पट्टा बांधला की भोवळ येती म्हणती, हातच देईना."
"मग रिकामं सोडायचं."
"असं कसं? आधीच्या कामावर रिकामी चौकट दिसली की सायेब म्हणायचे, तू गेलीच न्हाईस. म्या तर उन्हातान्हात गेल्ते की."
मी बेरीज मांडली. ५२८ भागिले ४, १३२. भागिले ३, १७६. शून्याला बेरीज मोजमाप समजली, काउंटनं ती ओळही धरली. शून्य घेऊच नको, हे फॉर्मला सांगायला मी विसरले होते. बीपी शून्य असलेलं माणूस मोजून घ्यायला उठून बसेल का? एवढं सुचू नये मला!
डॉ.ना तिथल्या तिथं सांगितलं. रागावले नाहीत. "आधी बाईंना आणा, मग आपण बोलू." क.ताई तशाच परत गेल्या. मावशी म्हणे, शंभर पोरं जेवायची हायत, मी न्हाय येत. क.ताईंनी पोरांना वाढून होईस्तोवर चुलीपाशी बसकण मारली आणि चारच्या गाडीनं घेऊनच आल्या. इथं मोजलं, १८४. ईसीजी बरा. डॉ.नी गोळी बदलली. डोळ्यांचा पडदा तपासायला सोलापूरला चिठ्ठी. मावशीला हल्ली अंधुक दिसतं, हे आजच कळलं.
तीन दिवस माझ्या तोऱ्यात गेले. आणि तरीही देवानं कमलताई दिल्या.

१८ जुलै, शुक्रवार
फॉर्म दुरुस्त. प्रत्येक ओळीत आधी प्रश्न : मोजलं का? ‘नाही’ म्हटलं तर आकडा मागणारच नाही, कारण विचारेल. भेट झाल्याची नोंद राहील, पण सम आणि काउंट दोघंही फक्त मोजलेल्या ओळी धरतील. शिवाय ‘मॅक्स’ जोडला, सगळ्यांत मोठा आकडा एकशे सत्तरच्या वर असला तर पहिल्याच भेटीला लाल ओळ. चार भेटींची वाट कशाला बघायची? हे आधी का नाही...
जुन्या सगळ्या नोंदी उघडल्या. आणखी एका ठिकाणी शून्य, पण ते गृहस्थ शून्य वगळूनही ठीक. हुश्श.
या चुकीबद्दलचा अहवाल वर पाठवायचा होता. डॉ.नी विचारलं, काय लिहिणार? ‘फॉर्ममधली चूक’ लिहिलं आणि खाली माझं नाव. क.ताईंचं नाव फक्त ‘चूक यांच्या लक्षात आली’ इथं. डॉ.नी वाचून सही केली. त्यांचे आभार मानायचे राहिले.

२१ जुलै, सोमवार
डॉ. तेरला निघाले होते, मीही गेले. शाळेच्या मागं पत्र्याची खोली, धूर. मावशी तांदूळ निवडत होती, डोळ्यांच्या अगदी जवळ धरून. मी सांगितलं, माझ्या फॉर्मनं तुम्हाला ठीक म्हटलं, चूक माझी, माफ करा.
"अगं, कमळीनं सांगितलं मला सगळं. तू तर लेकरू हायस. खिचडी खाती का?"
खाल्ली. रडू येत होतं, घास घेतला आणि धुरावर ढकललं.
सोलापूरला कधी जाणार, विचारलं तर म्हणाली, सुट्टी पडली की.

२५ जुलै, शुक्रवार
आज क.ताईंची भेट ठरलेली होती. वार बघून म्हटलं, ‘मोजलं का? नाही’ असंच येणार. येऊ दे, आता त्यानं बिघडत नाही.
साडेअकराला ओळ आली. मोजलं का? हो. १५८.
मागोमाग फोन. "मॅडम, मावशीनं आपणहून हात पुढं केला! उपास हाय तरी. म्हणाली, ती पोरगी ऑफिसात आकड्याची वाट बघत बसली असंल, घे मोजून."
"आणि सोलापूर?"
"सोमवारी नेते म्हणलंय. व्हय म्हणली न्हाय. न्हाय पण म्हणली न्हाय."
१५८. लाल ओळ आहेच अजून.