एकही टिपूस नाही

३ फेब्रुवारी
गीतांजली आली आणि दारातच रडायला लागली! चप्पल काढायच्या आधी. "दादाची खुर्ची बघवत नाही गं, वहिनी." मग माझ्याच शेजारी बसून पुन्हा. मोठमोठे थेंब, गालावरून थेट गळ्यापर्यंत. एवढं पाणी बाईच्या अंगात येतं कुठून?

यांना जाऊन पुढच्या आठवड्यात वर्ष होईल. माझ्या डोळ्यांतून एक टिपूस नाही. तिचा भाऊ होता, कबूल. पण नवरा माझा होता.

५ फेब्रुवारी
आमवात म्हणजे बोटं वाकडी, एवढंच लोकांना ठाऊक. मी वाचनालयातून पुस्तक आणून वाचलं – फुप्फुसं, हृदय, रक्त, कुठेही शिरतो मेला. जिना चढताना मला धाप लागते ती त्याचीच. तोंडाला कोरड, पोळी घशाखाली उतरत नाही. आणि डोळ्यांतल्या पाण्याच्या ग्रंथी सुकतात. हे कुणाकुणाला समजावू? धाकटी जाऊ स्मिता दहाव्याला म्हणालीच होती, "ताई फारच खंबीर हं!" त्या 'हं'चा अर्थ मला कळतो.

हे रोज माझ्या डोळ्यांत औषधाचे थेंब टाकायचे. माझ्या बोटांनी ती बाटली दाबली जात नाही. वर्षभर दोन्ही तळव्यांत धरून कसेबसे टाकले, आता तेही जमत नाही. "वर बघ. पंख्याकडे. माझ्याकडे नको!" आता गीतांजली म्हणते, मी टाकत जाईन, बेलापूरहून यायला वेळ तो किती. नको म्हटलं. तिच्या हातून तर नकोच.

७ फेब्रुवारी
थेंब टाकता आले नाहीत. डोळ्यांत वाळू. दोन पानंसुद्धा वाचता आली नाहीत.

१० फेब्रुवारी
वर्षश्राद्ध. सकाळपासून उजवा डोळा लालभडक. आतून ठणकतोय, उजेड सोसत नाही – आणि पाणी गळतंय. पाणी! स्मिताने मला जवळ घेतलं. "रडा ताई, मोकळ्या व्हा." सोसायटीतल्या बायका, गुरुजीसुद्धा, सगळे माझ्याभोवती. गीतांजलीकडे कुणी बघेना. खोटं कशाला लिहू – बरं वाटलं.

पंगत उठल्यावर ती कानाशी आली. "वहिनी, हे रडणं नाहीये. एकच डोळा रडतो का कुणाचा? चल डॉक्टरकडे."

"आज रडायची पाळी माझी आहे, तर तुला बघवत नाही ना?" मी म्हटलं. गेले नाही.

१२ फेब्रुवारी
ठणका कानशिलापर्यंत. वर्तमानपत्राचा मथळाही धूसर दिसला, तेव्हा घाबरले. वाचन गेलं तर मला उरलं काय? फोन शेवटी तिलाच केला. रिक्षा घेऊन लगेच आली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळ्याच्या पांढऱ्या भागाला आतून सूज आहे, आमवाताचीच. अजून थांबला असतात तर नजर गेली असती. "घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?" गीतांजली चकार शब्द बोलली नाही. मला सांभाळून घेत होती! तेही सोसेना.

१६ फेब्रुवारी
ठणका कमी. गीतांजली राहायलाच आलीये, थेंब तीच टाकते. आज विचारून टाकलं – "दर वेळी माझ्या शेजारी बसूनच का रडतेस? लोकांना दाखवायला?"

बाटलीचं टोपण फिरवत राहिली. मग म्हणाली, "दादाने सांगितलेलं. हॉस्पिटलमध्ये. हिला रडता येणार नाही, लोक दगड म्हणतील. तू हिच्याजवळ बस आणि दोघींचं रड."

मला एका शब्दाने बोलले नाहीत. तिला सांगितलं!