येळवशीची आंबील

माय,

आज येळवस. लातूर कसं ओस पडलंय बघ, संचारबंदी लागल्यावाणी. सगळी माणसं डबे न् मडकी घेऊन रानात गेली आणि मी तिसऱ्या मजल्यावर कुकरात भज्जी शिजवून बसले आहे. भज्जी कसली, नुसता वाटाण्या-तुरीचा गिचका! आंबीलही केली, पण प्यायला बोलवावं असं जिन्यावर कुणी उरलेलं नाही.

तू निलंग्याकडची. सांगायचीस, कानडीत येळू म्हणजे सात, पेरणीपासूनची सातवी अवस ती येळवस. काळी आई पोटुशी असते, तिची ओटी भरायची. त्या मोठ्या दुष्काळात रानात हिरवं पान नव्हतं. पूजेची कोपी, ती कडब्याची खोपटी, उभी करायला कडबा कुठला? होता तो बैलांनी कधीच संपवलेला. तू तुराट्या रोवल्यास, वर तुझं जुनं लुगडं टाकलंस, आत पूजेचे पाच दगड चुना लावून मांडलेस आणि रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची आंबील घेऊन बसलीस. मी चिडून म्हणाले, "काय पिकलंय म्हणून आलो गं आपण?" तू फाडकन बोललीस, "पिकलं तरच यायचं व्हय तिच्याकडं? दुखणाईत माणसाला भेटाया जात न्हाईत का?" मग खडी फोडायला निघालेल्या अनोळखी बायांना बांधावरून हाका मारमारून तू पाजलंस. येळवशीच्या आंबिलीला कुणी नाही म्हणायचं नसतं, हे मी त्या दिवशी शिकले.

दहा वर्षांनी लातूर जिल्हा झाला. आपलं रान सरकारी इमारतीत गेलं आणि मला तिथंच कारकुनी मिळाली. तू खूश होतीस का, मी कधी विचारलं नाही. पहिल्याच येळवशीला सुट्टी असून साहेबांनी आम्हाला कामावर बोलावलं. व्हरांड्यातून बघते तर कंपाउंडात, आपली कोपी असायची तिथंच, तू पाच दगड मांडून बसलेली. चौकीदार ओरडतोय. साहेब बाहेर येऊन विचारतात, "कोण हाय ती?" मी म्हणाले, "असेल कुणी येडी."

तू ऐकलंस. वर बघितलंस, पण मला हाक मारली नाहीस. चौकीदाराला म्हणालीस, "हाव बाबा, चुकलं माजं, उठते. पर येवढी आंबील घे." तो बिचारा उभ्यानं प्याला आणि फाटकाकडं गेला. मग पायरीशी येऊन तू माझ्यापुढं तांब्या धरलास. "बाईसाहेब, तुमीबी घ्या घोटभर." पोटच्या लेकीला बाईसाहेब! मी "नको" म्हणाले. तू दगड ओच्यात घेतलेस आणि निघून गेलीस.

घरी त्यावर तू चकार शब्द काढला नाहीस. मी तरी कुठं काढला? आता तू गेल्यावर हा कागद लिहून बसले, पण टाकू कुठं? काही म्हणजे काही करता येत नाही गं. एकदा माझ्या लेकीला सगळं सांगितलं, तर म्हणाली, साहेब समोर असल्यावर तू तरी काय करणार. मी मान हलवली. पण माय, तू तांब्या पुढं केलास तेव्हा साहेब कधीच आत गेले होते. तिथं आपण दोघीच होतो.