दिवसा घरी कोण असायचं?

ता. ६ मार्च

ती. आत्यास,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत, तिकडेही सगळे बरे असाल असं धरून पुढे लिहिते. शाळेत पत्र असंच सुरू करायला शिकवलं होतं आणि मला अजून दुसरी सुरुवात येत नाही. मी ठकू. या नावाने मला आता कोणीच हाक मारत नाही, पण तुला लिहायचं म्हटल्यावर दुसरं नाव लिहायला हात होईना.

आधी घरच्या बातम्या. बाबा निवृत्त झाले आणि आता दिवसभर नळ दुरुस्त करतात. त्यामुळे पूर्वी एक नळ गळायचा तिथे आता तीन गळतात. आईचे गुडघे कुरकुरतात, तोंड मात्र उत्तम चालतं. मी दातांच्या लॅबमध्ये आहे. कवळ्या बनवते. दाताचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचा ठसा पाठवतात, आम्ही त्यात प्लास्टर ओततो, मेणात दात लावून बघतो, मग पक्की कवळी करतो. दातांच्या पांढऱ्या रंगात किती प्रकार असतात हे लोकांना माहीतच नसतं. मला ते सगळे एका नजरेत ओळखू येतात, म्हणून मालक माझ्यावर खूश असतात. शिवाय हे दात बोलत नाहीत. मी तिथे अगदी सुखात होते.

होते म्हणजे, मालकांनी मला बढती देईपर्यंत. खूश झालेल्या माणसांचं हेच वाईट असतं. मला त्यांनी फोनवर बसवलं, सगळ्या डॉक्टरांशी बोलायला. एकाच वेळी दोन फोन वाजायचे, डोक्यावर ट्यूबलाइट गुणगुणायची, आणि पलीकडचा माणूस चिडलाय की थट्टा करतोय हे काही केल्या कळायचं नाही. आठवडाभर मी तग धरला. मग एका दुपारी मी प्लास्टरच्या पोत्यांमागे जाऊन बसले आणि माझा आवाजच गेला. घसा ठीक होता, पण शब्द बाहेर येईनात. आईला वाटलं, दृष्ट लागली. मला वाटलं, आता हे कोणाला तरी विचारायलाच हवं.

म्हणून मी स्वतःच शोधून एका मानसतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांना वाटतं, मला ऑटिझम असावा. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात. हा शब्द ठेवणाऱ्याला भेटून मला सांगायचंय की मी स्वतःत कधीच मग्न नसते, ट्यूबलाइटच्या गुणगुणण्यात मग्न असते. तर असो. पण बाई म्हणाल्या, नुसतं वाटून भागत नाही. इतक्या मोठ्या वयात निदान करायचं तर लहानपणी मी कशी होते हे सांगणारं कोणीतरी लागतं, म्हणजे हे पहिल्यापासूनच आहे की मागाहून आलंय ते ठरवता येतं.

मी आईला घेऊन गेले. वाटेत तिने सांगून टाकलं, "हल्ली जगात सगळ्यांना काहीतरी असतंच. चांगलं धडधाकट माणूस, आणि विकतचं दुखणं घ्यायला निघालंय!" आत गेल्यावर बाई विचारत गेल्या. आवाजांचा त्रास व्हायचा? "छे!" कपड्यांवरून रडायची? "कधीच नाही." नवीन जागी गेलं की घाबरायची? "शाळेच्या पहिल्या दिवशी बाकीची पोरं गळे काढत होती, ही आपली सरळ आत जाऊन बाकावर बसली. इतकी गुणी होती हो!"

मी शेजारी बसून ऐकत होते. आई खोटं बोलत नव्हती, आत्या. तिने खरंच हेच पाहिलं. कारखान्यातून ती घरी यायची तेव्हा दिवे लागलेले असायचे, आणि तोवर तू मला नीट करून ठेवलेलं असायचंस. मी उठायच्या आत तुझं मिक्सरचं काम उरकलेलं असायचं. नवीन फ्रॉकच्या गळ्यामागची टोचणारी पट्टी उसवून, धुऊन धुऊन तो जुन्यासारखा मऊ केलेला असायचा. आणि शाळेत मी सरळ जाऊन बसले कारण आदल्या आठवड्यात तू शिपायाला गोड बोलून मला रिकामी शाळा दाखवून आणली होतीस. आपण प्रत्येक बाकावर बसून पाहिलं होतं. खिडकीजवळचा मी निवडला होता.

बाईंनी आईला शेवटी विचारलं, "दिवसा घरी कोण असायचं?"

आई पर्सचा बंद सारखा करत राहिली. मग म्हणाली, "आमच्या वन्सं." तू गेलीस त्या दिवसानंतर तिच्या तोंडून तुझा उल्लेख मी पहिल्यांदा ऐकला.

तर काम एवढंच आहे. सोबत बाईंचा नंबर लिहिला आहे. तू त्यांना फोन करून, तुला जे आठवतं ते सांगशील का? तासभर लागेल. माझ्याशी बोलायची गरज नाही. बाबांचं आणि तुझं जे झालं ते झालं, त्यात मला पडायचं नाही, आणि तुलाही उगाच अवघड वाटू नये. तुझा पत्ता मात्र बाबांनीच दिला. मी मागितला तर पाना खाली ठेवला आणि वर न बघता पिनकोडसकट लिहून दिला.

काकांना नमस्कार सांग. मी त्यांना कधी पाहिलं नाही, पण लायब्ररीत काम करतात म्हणजे हळू बोलत असतील.

तुझी,
ठकू


ता. २ एप्रिल

आत्या,

निदान झालं. ऑटिझम आहे, पहिल्यापासून आहे. तू सांगितलंस म्हणून ते पक्कं करता आलं, असं बाई म्हणाल्या. त्या असंही म्हणाल्या की इतक्या बारकाईने सांगणारं माणूस त्यांना क्वचित भेटतं. तू तासाऐवजी दोन तास बोललीस म्हणे.

मला फार बरं वाटलं. मी लॅबमध्ये सांगितलं, मालकांनी डोकं खाजवलं आणि मला पुन्हा मेणाच्या टेबलावर बसवलं. घरी आई मात्र दोन दिवसांनी जेवताना एकदम म्हणाली, "मग मी काय बघत होते इतकी वर्षं?" मी तिला पाणी दिलं. आता ती मिक्सर लावायच्या आधी स्वयंपाकघरातून ओरडते, "लावतेय गं!" तिचं ते ओरडणं मिक्सरपेक्षा मोठं असतं. पण मी तिला तसं सांगणार नाही.

हे सगळं छान झालं. आता मला जे लिहायचंय ते लिहिते.

तू फोन करणार त्या दिवशी मी रजा काढून तिथे गेले होते. कोणी बोलावलं नव्हतं. बाहेरच्या खुर्चीवर बसले. दार पातळ होतं. तुझे शब्द कळत नव्हते, पण मध्येच फोनच्या स्पीकरमधून तुझं हसणं ऐकू आलं, ते शेवटी श्वास आत ओढून थांबणारं. ते मी विसरले आहे असं मला वाटत होतं. मी तिथे बसून ठरवलं, आता बाई दार उघडतील आणि म्हणतील, ये, आत्याला तुझ्याशी बोलायचंय. मी पहिलं वाक्यसुद्धा तयार ठेवलं होतं. बाईंनी दार उघडलं तेव्हा फोन खाली ठेवलेला होता.

माझ्याशी बोलायची गरज नाही, असं मीच लिहिलं होतं. आणि तू ते शब्दशः घेतलंस! शब्दशः घेण्याचं माझं लक्षण आहे, आत्या. तुझं कधीपासून झालं?

मला गरज होती. बाईंना फोन कर हे खरं होतं, पण ते निमित्तही होतं. निदान नसतं झालं तरी मी तुला काहीतरी कारण काढून लिहिलं असतं.

तू गेलीस तेव्हा मी नऊ वर्षांची होते. शाळेतून आले तर तुझी कॉट रिकामी, आणि गादी गुंडाळून भिंतीला उभी. बाबांनी सांगितलं, आत्याने घरच्यांना न जुमानता लग्न केलं, आता या घरात तिचं नाव काढायचं नाही. रात्री आई कोणाला तरी म्हणत होती, "त्या पोरीपायी तिच्या तरुणपणाची माती झाली, गेली ते बरंच झालं." ती पोर म्हणजे मी. एवढं मला तेव्हाही कळलं. पुढे मी फार गुणी झाले. कुठे दुखलं, काही नकोसं झालं तरी बोलायचे नाही, कारण मला वाटायचं, मी सोपी झाले की तू परत येशील. चौदा वर्षं मी सोपी होण्याचा प्रयत्न करत होते, आणि मग प्लास्टरच्या पोत्यांमागे जाऊन बसले. निदानाच्या दिवशीसुद्धा माझ्या मनात पहिला विचार हाच आला की म्हणजे मी खरोखरच अवघड होते, म्हणजे आत्या उगाच नाही गेली.

मी हे बाईंना विचारलं. मोठ्याने, सरळ. त्या म्हणाल्या की तुझी आत्या याबद्दल बोलली, आणि ठकूने विचारलं तर सांगा असंही म्हणाली.

तू त्यांना म्हणालीस, "तिच्यामुळे गेले नाही. तिच्यामुळे तर पाच वर्षं लग्न लांबवलं." आणि त्यांनी विचारलं की मग नंतर कधी भेटला का नाहीत, तर तू म्हणालीस, "अचानक कोणी समोर आलेलं तिला सोसत नाही. ती बोलावेल तेव्हा जाईन."

मी बसमध्ये रडले, आत्या. कंडक्टरने मला तिकीटच विचारलं नाही.

तू माझ्या बोलावण्याची वाट बघत राहिलीस. मी तू येण्याची वाट बघत राहिले. एवढ्या माणसांतून मला ओळखणारी तू एकटी, आणि तुला हे कळू नये? मला राग आलाय. मला रागसुद्धा उशिरा येतो, आज आला. पण रागापेक्षा तुझी आठवण जास्त येते, रोज येते, आणि आता ती आठवण येते हे लपवायचं नाही असं मी ठरवलंय.

बाबांना मी हे पत्र दाखवलं आहे. त्यांनी पूर्ण वाचलं. मग उठले आणि दाराची बेल दुरुस्त करायला घेतली. ती चांगली चालू होती. आता वाजत नाही, तेव्हा दार ठोठाव.

मी बोलावते आहे. पुढच्या महिन्यात ये, उद्या ये, मी झोपलेली असताना ये. कळवायला वेळ लागणार असेल तर कळवू नकोस. मला अचानक आलेलं सोसत नाही हे तू म्हणालीस ते अगदी बरोबर आहे. मी बहुतेक किंचाळेन, कान झाकेन, दुसऱ्या खोलीत जाऊन बसेन. तू जाऊ नकोस. मी येईन बाहेर.

वाट बघणारी,
तुझीच अवघड
ठकू