गाडीतला गार वारा

२ डिसेंबर १९५४, गुरुवार

सेलूहूनच परत! नागपूर आजही राहिलं. ही विलायती गाडी घेतली तेव्हा केवढं कौतुक होतं — थंडीत पायाजवळच्या जाळीतून गरम हवा येते म्हणून! आज त्याच जाळीतून गार वारा. ह्यांना खोकल्याची उबळ आली ती थांबेचना. "किसनराव, गाडी वळवा," म्हणाले. वकिलाशी लग्न केल्यापासून मी एकही वाद जिंकलेली नाही.

दिवाळीनंतर एकदाही जाणं झालं नाही. आधी पाहुणे, मग ह्यांचा ताप, आता ही गाडी. दर गुरुवारी नागपूरच्या डॉक्टरांकडून छातीत सुईने हवा भरून घ्यायची, म्हणजे क्षयाने आजारी फुप्फुस दबून राहतं, त्याला विश्रांती मिळते. खाडा झाला की सगळं केलेलं पाण्यात. आगगाडीने चला म्हटलं तर तोंड फिरवतात. खोकला ऐकून माणसं बाकावरून उठून जातात, ते त्यांना सोसत नाही.

म्हणजे गाडीच गरम व्हायला हवी.

३ डिसेंबर

स्टेशनाजवळचा डोमाजी मिस्त्री आला. पंखा ठीक. इंजिनातलं गरम पाणी आत सोडणारी तोटी उघडी. "नळ्यांत कचरा असन," म्हणाला. हे व्हरांड्यात शाल पांघरून बघत बसले होते. एरवी गाडीला कोणी हात लावला की शंभर सूचना देतात. आज अवाक्षर नाही. अशक्तपणा फार आलाय.

५ डिसेंबर

नळ्या धुतल्या. गंजाचं लाल पाणी निघालं. डोमाजी खुशीत — आता गाडीची भट्टी होणार म्हणे.

कसली भट्टी! चक्कर मारून पाहिली, जाळीतून तोच गार वारा. सगळ्यांना चहा केला आणि आडवी झाले.

९ डिसेंबर, गुरुवार

मीच युक्ती केली. दारांच्या फटीत कापूस कोंबला (वर्ध्यात त्याला काय तोटा!), दोन रबरी पिशव्यांत कढत पाणी, वर घोंगडी. पवनारच्या पुलापर्यंत गेलो. मग म्हणाले, "नको. हाडं गारठली."

परत.

घरी आल्यावर गाडीच्या चाकाला लाथ मारली. अंगठा सुजलाय. भीती वाटते. कोणाला सांगू? नणंदबाईंना — नलूवन्संना — लिहावं तर त्या धावत येतील, आणि मग त्यांचंही करत बसावं लागेल.

१२ डिसेंबर

आज किसनरावांच्या शेजारी बसून गावाबाहेर चक्कर मारून आले. इंजिन किती तापलं ते दाखवणारा काटा आहे ना, तो तळाशीच पडलेला. मे महिन्यात हाच काटा टोकाला जाऊन भिडायचा! मी म्हटलं, किसनराव, इंजिनच गार, तर हवा कुठून गरम येणार?

त्यांनी गाडी बाजूला घेतली. कपाळावर हात मारला. इंजिनात पितळेची एक झडप असते. पाणी चांगलं तापेपर्यंत ती ते अडवून धरते; ती नसली की इंजिन गारच राहतं. "उन्हाळ्यात थे काढूनच ठेवा लागते बाई, नाई तं पानी उकळते. इकडले सारेच काढतेत. दिवाळी झाली का सायेब सोताच परत देतेत. यंदा मी गावाले, आंजीले गेलतो, मले वाटलं तवा डोमाजीनं बसवली असन."

एवढंच! मी धावतच घरात. ह्यांना विचारलं, झडप कुठे ठेवलीत? "आठवत नाही," म्हणाले, आणि भिंतीकडे वळले.

वीस वर्षांपूर्वीच्या खटल्यांच्या तारखा पाठ असलेला माणूस!

१४ डिसेंबर

सापडली. कोर्टाचा काळा कोट उन्हात टाकायला काढला, तर खिसा जड लागला. झडप रुमालात नीट गुंडाळलेली. आणि रुमाल कोणता? वन्संनी ह्या भाऊबिजेला दिलेला.

म्हणजे उन्हाळ्यात ठेवून विसरले नव्हते. दिवाळीनंतर बाहेर काढली, आणि पुन्हा लपवली.

झडप त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली. मग हळूहळू बोलले. मागच्या खेपेला मी बाहेर बाकावर बसले होते, तेव्हाच डॉक्टरांनी त्यांना सांगितलं — दुसरंही फुप्फुस गेलंय, आता हवा भरून उपयोग नाही.

"मग मला का नाही सांगितलंत?"

"सांगणार होतो, सुमित्रा. पण तू रोज नव्या उमेदीने मिस्त्री बोलावायचीस. बिघाड गाडीत आहे असं तुला वाटत होतं, तोवर बरं चाललं होतं."

रागावायला हवं होतं. तेवढंही त्राण नव्हतं. त्यांच्या पायाशी बसून राहिले.

१६ डिसेंबर, गुरुवार

किसनरावांनी सकाळी झडप बसवली. पवनार येईतो गाडीत छान ऊब आली. ह्यांनी आपणहून शाल काढून माझ्या मांडीवर ठेवली. खोकला नाही.

पुलाजवळ किसनराव आनंदाने म्हणाले, "घेऊ न आता सीधी नागपूरले?"

मी म्हटलं, नको. इथेच नदीवर घ्या.